रकाना अकरावा

जुना पत्ता: घर क्रमांक दोनशे बारा अ,
देऊळवाडा, कोरगाव, पेडणे.
नवा पत्ता: घर क्रमांक दोनशे एकोणीस,
बाकी सगळं तेच.
मधे एक पाणंद, रत्नाकर शेटगावकरांची विहीर,
आणि मोजलीच तर एकोणसाठ पावलं.
मी मोजली. रात्री, टॉर्च न लावता.

इल्डिकोचं सामान हातगाडीच्या तीन खेपांत गेलं.
चौथ्या खेपेला नुसत्या बरण्या होत्या,
तिच्या देशातल्या मिरचीची पूड,
जी तिखट नसते, फक्त लाल असते.
सहा वर्षं ती माझ्या डाळीत पडत आली.

कायदा म्हणतो, चौदा दिवस.
तेराव्या दिवशी आम्ही कदंबा पकडली, म्हापशाला बदलली,
तिच्या मांडीवर फाइल, माझ्या मांडीवर डबा.
कोलवाळच्या पुलावर तिने
नेहमीसारखा नदीला नमस्कार केला.
माझ्याकडूनच शिकलेली.
मी त्या दिवशी केला नाही.

पणजीच्या त्या कार्यालयात पंखा एकाच बाजूला वारा घालत होता,
म्हणजे साहेबांच्या.
फळदेसाई नावाची पोलीसबाई म्हणाली,
"वाडा तोच, गाव तोच, पिनकोड तोच,
मग हलली कित्याक?"
इल्डिकोने माझ्याकडे बघितलं नाही.
इतक्या काळजीने
माझ्याकडे कुणी कधी न बघितलेलं नाही.

जुन्या घरमालकाची सही. नव्या घरमालकाची सही.
वीजबिलाची प्रत.
पासपोर्टच्या एकेका पानाची प्रत, कोऱ्या पानांचीही.
झेरॉक्सवाला म्हणाला, कोऱ्याचेसुद्धा दोनच रुपये.

रकाना अकरावा: पत्ता बदलण्याचं कारण.
जागा चार बोटं.

छत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आले,
कारण द्या. एका वाक्यात. प्रश्नातले शब्द उत्तरात येऊ द्या.
आणि इथे मला ते एक वाक्य जुळेना.
माझा प्रज्योत पुण्याहून परत येतोय,
नोकरी गेली, बायको आहे, जुळी पोरं आहेत,
मागची खोली लागेल:
हे मी तिला चहा पिताना सांगितलं होतं,
तिच्या तोंडात घोट असताना,
म्हणजे लगेच काही बोलता येऊ नये.
तिने घोट गिळला. म्हणाली, "बरं, बाई."
तिचं मराठी
त्या क्षणाला किती शुद्ध होतं.

एकोणिसाव्या वर्षी मीही आले होते
सातार्ड्याहून, तेरेखोलच्या होडीतून,
नाव बदलून, आडनाव बदलून,
वाटणाला खोबरं किती, तेसुद्धा बदलून.
कुणी चौदा दिवस दिले नव्हते.
कसला रकाना नव्हता.
असता तर काय लिहिलं असतं,
ते बाकावर बसून आठवून पाहिलं.
मग फळदेसाईबाईंनी हाक मारली.

पेन इल्डिकोनेच घेतलं.
सुट्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं:
नव्या घराचं स्वयंपाकघर मोठं आहे.

शिक्का पडला, जरा वाकडा.

रत्नाकरांचं स्वयंपाकघर मी बघितलंय.
दोन बायका उभ्या राहिल्या
तर पातेलं दाराबाहेर ठेवावं लागतं.

नंतर आम्ही पातळभाजी-पाव खाल्ला.
पैसे कुणी द्यायचे यावरून भांडलो,
बऱ्यापैकी मोठ्याने. गल्ल्यावरचा मुलगा हसत होता.
त्या दिवसातलं तेवढंच बरं वाटलं.

तिचा एक पंचा माझ्या दोरीवर राहिलाय,
निळ्या काठाचा.
चार दिवस झाले.
सुकतो, दंवात भिजतो, परत सुकतो.
प्रज्योत विचारतो, हा कुणाचा?
मी म्हणते, असू दे.
ती येईल न्यायला,
नाहीतर मलाच घडी घालून जावं लागेल
एकोणसाठ पावलं,
आणि त्या मोठ्या स्वयंपाकघरात
अंग चोरून उभं राहावं लागेल.